मज्जारज्जूच्या इजेनंतर विजेच्या साहाय्याने रोइंग: एफईएस रोइंगचा व्यायाम

पाठीच्या किंवा मानेच्या मणक्याला मार लागून मज्जारज्जूला इजा झाली आणि पायांतली ताकद गेली, की घरातल्या सगळ्यांचे लक्ष एकाच प्रश्नावर येऊन थांबते. पुन्हा चालता येईल का? झाडावरून किंवा गच्चीवरून पडणे असो, मोटारसायकलचा अपघात असो, पहिली दोन-तीन वर्षे रुग्ण आणि नातेवाईक प्रत्येक डॉक्टरला हेच विचारतात.

या लेखातला व्यायाम हे त्या प्रश्नाचे उत्तर नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. कारण वर्षभर न हललेला पाय विजेच्या प्रवाहाने सरळ होताना पाहिला की रुग्णाचे डोळे भरून येतात आणि आई म्हणते, "डॉक्टर, हलला ना पाय!" पाय हलतो हे खरे. पण तो मेंदूच्या आज्ञेने हललेला नसतो. तुटलेला संदेशाचा मार्ग या व्यायामाने जोडला जात नाही. मग हा व्यायाम कशासाठी? मुख्यतः हृदयासाठी.

हात चालतात, मग पाय कशाला हवेत?

पूर्वी मज्जारज्जूच्या इजेनंतर रुग्ण दाबव्रणांनी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत. आपल्याकडे आजही ही भीती पूर्णपणे गेलेली नाही. मात्र ज्यांची त्वचा आणि मूत्रपिंडे चांगली सांभाळली जातात ते अनेक वर्षे जगतात, आणि त्यांच्यापुढे दुसरा धोका उभा राहतो: पोटाची चरबी, मधुमेह आणि हृदयविकार. हे आजार इतरांनाही होतात; या रुग्णांना ते कमी वयात गाठू शकतात.

कारण समजायला सोपे आहे. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्या आणि नितंबांचे. आपण चालतो, जिना चढतो तेव्हा हे स्नायू भरपूर ऑक्सिजन मागतात आणि ती मागणी पुरवताना हृदय व फुप्फुसे तयार होतात. रक्तातली साखर खर्च करणारा मोठा कारखानाही हाच. इजेनंतर तो बंद पडतो. काही आठवड्यांतच मांड्या बारीक होऊ लागतात आणि उरलेल्या स्नायूंचे तंतू लवकर थकणाऱ्या प्रकारात बदलत जातात.

मग व्हीलचेअरवर बसून हातांचा व्यायाम करायचा, असे आपण म्हणतो. तो केलाच पाहिजे. पण हात आणि खांद्यांचे स्नायू लहान असतात. हृदयाला खरा घाम फुटायच्या आत हातच दमतात. त्यात हाताने पाय हलवता येत नाहीत म्हणून पायांतले रक्त तिथेच साचून राहते. हृदयाकडे परत येणारे रक्त कमी, त्यामुळे हृदय दर ठोक्याला कमी रक्त बाहेर टाकते.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या, म्हणजे टी-६ च्या, वर असेल तर आणखी एक अडचण येते. हृदयाला वेग देणाऱ्या सिम्पथेटिक नसा मज्जारज्जूच्या छातीकडच्या वरच्या भागातून निघतात आणि तिथपर्यंत मेंदूचा निरोप नीट पोचत नाही. मानेच्या पातळीवर पूर्ण इजा झालेल्या रुग्णाची नाडी कितीही कष्ट केले तरी सहसा १२०-१३० च्या पुढे जात नाही. त्यामुळे जिममधल्या तक्त्यावर लिहिलेले 'तुमच्या वयानुसार नाडीचे ठोके' त्याला लागू होत नाहीत.

हातांबरोबर पायांचे मोठे स्नायूही कामाला लावता आले, तर ऑक्सिजनची मागणी वाढेल, पायांतले रक्त वर ढकलले जाईल आणि हृदयाला पुरेसे काम मिळेल. एफईएस रोइंगमागची कल्पना एवढीच आहे.

यंत्र कसे चालते

जिममध्ये रोइंग मशीन तुम्ही पाहिले असेल. सरकत्या बैठकीवर बसायचे, पाय फळीवर टेकवायचे, पायांनी रेटा देत मागे सरकायचे आणि त्याच वेळी हाताने साखळीची मूठ छातीकडे ओढायची. मग गुडघे दुमडत पुन्हा पुढे यायचे. होडी वल्हवतानाचीच हालचाल. यात हात, पाठ आणि पाय एका लयीत काम करतात.

मज्जारज्जूच्या रुग्णासाठी या यंत्रात बदल केलेले असतात. बैठकीला उंच पाठ आणि छातीचा पट्टा असतो, कारण पोटा-पाठीच्या स्नायूंना तोल सांभाळता येत नाही. पाय बाहेर फाकू नयेत म्हणून त्यांना आधार देणारी पट्टी असते आणि गुडघा गरजेपेक्षा जास्त ताठ होऊ नये म्हणून बैठक ठरावीक जागीच थांबते. मांडीच्या पुढच्या व मागच्या बाजूला चिकट पॅड लावतात: प्रत्येक स्नायूवर दोन, दोन्ही पायांचे मिळून आठ. त्यांच्या तारा एका छोट्या स्टिम्युलेटरला जोडलेल्या असतात.

मुठीवर अंगठ्याजवळ एक बटण असते. ते दाबले की मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रवाह मिळतो, गुडघे सरळ होतात आणि बैठक मागे जाते. त्याच क्षणी रुग्ण हाताने मूठ ओढतो. बटण सोडले की मागच्या स्नायूंना प्रवाह मिळतो, गुडघे दुमडतात, बैठक पुढे येते. वेळ साधणे हे रुग्णाच्या स्वतःच्या हातात असते. सुरुवातीला हात आधी जातो, पाय मागे राहतो, सगळे विस्कळीत होते. काही सत्रांत लय जमते, आणि ती जमल्यावर लोकांना हा व्यायाम आवडू लागतो. पायात काही जाणवत नाही, पण बैठक मागे जाताना पायाचा जोर अंगाला कळतो.

'शेक आणि करंट' हे शब्द फिजिओथेरपीच्या निमित्ताने बहुतेकांच्या कानावरून गेलेले असतात. खाटेवर पडून स्नायूला करंट देणे आणि एफईएस यांत फरक आहे. पहिल्यात स्नायू नुसता आक्रसतो. एफईएसमध्ये, म्हणजे फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशनमध्ये, योग्य स्नायूला योग्य क्षणी प्रवाह देऊन एखादे काम करून घेतले जाते. दुखण्यासाठी ऑनलाइन मिळणारे टेन्सचे छोटे यंत्र म्हणजे तर अगदीच निराळी वस्तू. ते वेदनेच्या संवेदनेवर काम करते. मांडीकडून असे जड काम करून घेण्यासाठी ते बनवलेले नाही. 'तेच वापरून घरी करू का?' याचे उत्तर नाही, असे आहे.

विजेने चालवलेला स्नायू लवकर का थकतो

निसर्गतः स्नायूतले तंतू पाळीपाळीने काम करतात, गिरणीतल्या पाळ्यांसारखे. काही दमले की दुसरे पुढे येतात. बाहेरून प्रवाह दिला की पॅडखालचे तंतू एकदम कामाला लागतात आणि दर वेळी तेच लागतात. विश्रांती कोणालाच नाही. शिवाय त्यांतले बरेचसे आधीच लवकर थकणाऱ्या प्रकारचे झालेले असतात. म्हणून सुरुवातीला दोन-चार मिनिटांत गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो.

यामुळे रुग्णाला थेट रोइंगवर बसवत नाहीत. आधी काही आठवडे ते काही महिने खुर्चीत बसवून, प्रवाहाने गुडघा सरळ करण्याचा सराव आठवड्यातून अनेकदा करून घेतात. पाय ठरावीक वेळ न थकता सरळ होऊ लागले की यंत्र. तिथेही आधी थोडे वल्हवणे, थोडी विश्रांती असे तुकडे असतात. नेटाने केले तर स्नायू जाड होतात आणि त्यांचा दमही वाढतो.

कोणाच्या पायांवर प्रवाहाचा परिणाम होतो

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा असतो. प्रवाह स्नायूला थेट हलवत नाही. तो स्नायूकडे जाणाऱ्या नसेला जागे करतो. म्हणून मज्जारज्जूच्या इजेखालचा भाग आणि तिथून पायाकडे जाणाऱ्या नसा शाबूत असाव्या लागतात.

ज्यांचे पाय ताठरतात, झटके देतात, गादीवरून उतरताना आपोआप उडतात, त्यांच्या या नसा बहुधा जिवंत असतात. ज्या झटक्यांना रुग्ण वैतागलेला असतो तीच या व्यायामासाठी चांगली खूण ठरते. उलट, इजा कण्याच्या अगदी खालच्या टोकाशी असेल, छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका यांच्या आसपास किंवा त्याखाली, तर या नसाच तुटलेल्या असू शकतात. असे पाय पूर्ण लुळे आणि सैल राहतात आणि नेहमीच्या एफईएस यंत्राला प्रतिसाद देत नाहीत. तज्ज्ञ पॅड लावून पाहिल्यावर हे काही मिनिटांत कळते. महागडे यंत्र मागवण्याआधी ही तपासणी करून घ्या.

काहींच्या मांडीत थोडी संवेदना उरलेली असते. त्यांना प्रवाह बोचतो. काहींना तो सोसवत नाही.

हे आले कुठून

लकवा मारलेल्या रुग्णाचे पाऊल चालताना घसटू नये म्हणून योग्य क्षणी प्रवाह देण्याचा प्रयोग अमेरिकेत लिबरसन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९८० च्या दशकात विजेच्या साहाय्याने चालवायची सायकल आली. रोइंगचा पहिला अभ्यास कॅनडातल्या एडमंटन इथल्या अल्बर्टा विद्यापीठातून १९९३ मध्ये आला. हात आणि प्रवाहाने चालणारे पाय एकत्र वापरले तर ऑक्सिजनचा वापर दोन्हींपैकी कशाही एकट्यापेक्षा जास्त होतो, हे त्यात दिसले. त्याच विद्यापीठातल्या गटाने २००२ मध्ये सहा जणांना १२ आठवडे हा व्यायाम दिला. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. पुढे लंडन आणि बोस्टनमध्ये यावर नियमित काम झाले आणि हे रुग्ण इनडोअर रोइंगच्या स्पर्धांतही उतरले. पॅरालिम्पिकमधले रोइंग मात्र वेगळे. तिथे पायांना वीज देत नाहीत.

११ टक्के हा आकडा लहान वाटेल, आणि सहा माणसे म्हणजे फारच थोडी. या विषयातले बहुतेक अभ्यास असेच लहान आहेत हे लक्षात ठेवावे. तरी ज्याची क्षमता इतकी घटलेली आहे की व्हीलचेअरवरून गाडीत बसतानाही धाप लागते, त्याच्यासाठी थोडी वाढही रोजच्या जगण्यात जाणवते.

इजा जितकी वर तितका फायदा कमी, असेही बोस्टनच्या कामातून दिसते. पाय ऑक्सिजन मागतात, पण छातीचे श्वासाचे स्नायूच दुबळे असल्याने फुप्फुसे तो पुरवू शकत नाहीत. म्हणून तिथे काही रुग्णांना व्यायामाच्या वेळी मास्कमधून श्वासाला आधार देऊन पाहिले गेले.

हाडांचे काय?

वजन पेलायचे थांबले की पायांची हाडे झपाट्याने विरळ होतात, विशेषतः गुडघ्याच्या वर-खाली. पहिल्या एक-दोन वर्षांत हा वेग सर्वाधिक असतो. पुढे साध्या कारणानेही, पाय अडकून पिळवटला किंवा उचलून ठेवताना खुर्चीवरून घसरला तरी, हाड मोडू शकते.

रोइंगमध्ये पायावर भार येतो म्हणून हाडे वाचतील अशी आशा होती. ती अर्धीच खरी ठरली. बोस्टनमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या रोइंगपेक्षा रोइंग आणि झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांचे औषध यांच्या जोडीने हाडांची झीज जास्त रोखली गेली. आधीच गेलेले हाड व्यायामाने परत येते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

हाडांचा दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. इजा जुनी असेल तर प्रवाहाने जोरात आक्रसलेला स्नायूच ठिसूळ हाड मोडू शकतो. म्हणून आधी हाडांच्या घनतेची तपासणी, गरजेनुसार गुडघ्यांचे एक्स-रे. अस्थिभंग झाल्यास दुखणार नाही. एका बाजूला सूज, गरमपणा, पाय वाकडा दिसणे किंवा झटके एकाएकी वाढणे, एवढ्याच खुणा असतात.

डोके ठणकले तर झोपवू नका

टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्या प्रत्येक रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी हा भाग नीट वाचावा, रोइंग करायचे नसले तरी.

इजेच्या खाली शरीराला काही टोचले, ताणले, दाबले गेले तर त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही, पण मज्जारज्जूच्या खालच्या भागात प्रतिक्रिया उमटतेच. तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. मेंदूचा 'सैल सोडा' हा निरोप इजेच्या पलीकडे जात नाही. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. तुंबलेली लघवी, दुमडलेली कॅथेटरची नळी, बद्धकोष्ठता, दाबव्रण, आत वाढलेले नख ही नेहमीची कारणे. पायांना दिलेला विजेचा प्रवाह हेही एक कारण होऊ शकते.

डोके ठणकते, चेहरा व मान लाल होते, इजेच्या वर घाम फुटतो, नाक चोंदते, खाली अंगावर काटा येतो. या रुग्णांचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० च्या दरम्यान असतो. त्यामुळे १४० हा आकडा तुमच्या-माझ्यासाठी किरकोळ असला तरी त्यांच्यासाठी धोक्याचा आहे. नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने वाढ झाली तर सावध व्हायचे. दुर्लक्ष झाले तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

अशा वेळी आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया असते 'जरा आडवा हो, बरे वाटेल'. नेमके तेच करायचे नाही. आडवे केले की डोक्याकडचा दाब आणखी वाढतो. प्रवाह लगेच बंद करा. रुग्णाला ताठ बसवा, पाय खाली सोडा. कमरेचा पट्टा, घट्ट कपडे, बूट, लघवीच्या पिशवीचा पट्टा सैल करा. नळी दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का ते पाहा. नळी नसेल तर लघवी काढा. दर दोन-तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा. कारण सापडले नाही किंवा दाब उतरला नाही तर तातडीने रुग्णालय गाठा आणि 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया' हे शब्द तिथल्या डॉक्टरांना सांगा. ते एका कार्डावर लिहून रुग्णाच्या खिशात ठेवले तर उत्तम, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरांनी असा रुग्ण आधी पाहिलेला असेलच असे नाही.

काही खेळाडू जास्त जोर मिळावा म्हणून मुद्दाम ही अवस्था ओढवून घेत. पॅरा खेळांत यावर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

आणखी काय सांभाळायचे

पेसमेकर, गर्भारपण, पायातल्या शिरेत नुकतीच झालेली गुठळी, न भरलेला अस्थिभंग, उघडे दाबव्रण, ताब्यात नसलेली फिट, खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याभोवती वाढलेले नको ते हाड: यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, बहुतेकदा व्यायाम टाळावा किंवा पुढे ढकलावा लागतो.

सरकत्या बैठकीवर बसल्यावर माकडहाडाची त्वचा घासली जाते. म्हणून चांगली गादी हवी, आणि प्रत्येक सत्रानंतर आरशात किंवा घरच्यांकडून बसण्याची जागा आणि पॅडच्या खालची त्वचा पाहायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पुढचे सत्र नाही. सत्राआधी लघवी करून घ्या. संपल्यावर एकदम थांबू नका, पायांत रक्त साचून चक्कर येते.

उन्हाचेही लक्ष हवे. वरच्या इजेत कमरेखाली आणि छातीवरही घाम येत नाही, त्यामुळे शरीर तापत जाते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कोणताही जोराचा व्यायाम नको. पहाटे, पंख्यासमोर, ओला टॉवेल जवळ ठेवून करा.

यंत्र जवळपास नसेल तर

बहुतेकांच्या बाबतीत हेच असेल. परदेशातही असे यंत्र ठरावीक केंद्रांतच मिळते. एफईएस सायकल त्या मानाने अधिक ठिकाणी असते आणि पायांच्या स्नायूंसाठी तीही चांगली आहे. चौकशी फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे पीएमआर, या विभागात करा. मुंबईत हाजी अली इथली केंद्र सरकारची संस्था याच विषयाची आहे.

तोवर हात थांबवू नका. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की दम वाढवण्यासाठी आठवड्यातून किमान दोनदा २० मिनिटे मध्यम ते जोराचा व्यायाम आणि त्यासोबत ताकदीचा व्यायाम हवा. हृदय आणि साखरेसाठी आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे. यासाठी हाताने फिरवायची सायकल, सपाट रस्त्यावर जोरात व्हीलचेअर ढकलणे, योग्य सोबत असेल तर पोहणे, काहीही चालेल. व्यायामाचा रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा, व्हीलचेअरचे ब्रेक लावा, छातीला पट्टा बांधा आणि कोपरे मागे नेत पट्टा ओढा. हे गरिबाचे रोइंगच. दिवसभर चाक पुढे ढकलून खांद्याच्या पुढचे स्नायू आखडतात. मागे ओढण्याने पाठीचे स्नायू तयार होतात. खांदा दुखू लागला तर थांबा, कारण व्हीलचेअरवरच्या माणसाला खांदा हाच पाय असतो.

जोर पुरेसा आहे का हे नाडीवर मोजू नका, विशेषतः टी-६ च्या वर इजा असेल तर. व्यायाम करताना शेजारच्याशी बोलून पाहा. वाक्य पुरे होते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की जोर बरोबर आहे.